खिडकी कुणाची, बटणं किती

मी एक जुना बिस्किटांचा डबा आहे. मित्रांनो, माझ्यात बिस्किटं फक्त चार दिवस होती. नंतरची सव्वीस वर्षं मी शिलाईच्या कारखान्यात बटणं सांभाळली. झाकणावर मात्र अजून क्रीमच्या बिस्किटांचं चित्र आहे. त्यामुळे प्रत्येक नवा कामगार एकदा मोठ्या आशेने मला उघडतो आणि मग, जणू मीच ती खाल्ली, असा माझ्याकडे बघतो.

एकदा कारखान्यात खिडकीजवळची जागा रिकामी झाली. नऊपैकी पाच कामगारांना तिथे चहाचं टेबल हवं होतं. चौघांना कोट शिवणाऱ्या काकांचं मशीन तिथे यावं असं वाटत होतं; त्या चौघांत काकाही होते. त्यांना अंधुक दिसायला लागलं होतं. उजेड मिळाला नाही, तर काम सोडावं लागणार होतं. पण विचारलं की म्हणायचे, "जरासंच अंधुक दिसतं गं."

हात वर झाले. चहा जिंकला.

मालकीणबाई म्हणाल्या, "हातांवरून डोकी मोजता येतात, तळमळ नाही." त्यांनी मला आणि माझ्या जुळ्या भावाला रिकामं केलं. मी चहाचा डबा, भाऊ काकांचा. भावाच्या झाकणावर मांजर आहे. प्रत्येकाने दोन्ही डब्यांत शून्य ते दहा, मनात असेल तेवढी बटणं टाकायची. जास्त बटणं, त्याची खिडकी.

"चहाला दहा देऊ?" एकीने विचारलं.

"चहाच आहे, नवरा नाही. पाच दे," काजं करणारी ताई म्हणाली.

मोजणी झाली. माझ्यात अडतीस, भावात तेहतीस. माझ्या पोटातून दहा मोठी बटणं निघाली, कोटाची. ती फक्त काकांकडे असतात.

ताई ओरडली, "काका, तुम्ही चहाला दहा दिलीत? आणि स्वतःला शून्य?"

"मी वेडा आहे का? मांजराच्याच डब्यात टाकली की!" असं म्हणत काकांनी माझ्या क्रीमच्या बिस्किटांवर प्रेमाने हात ठेवला.

चहासाठी सगळ्यात जास्त भांडलेला इस्त्रीवाला म्हणाला, "चला, पुन्हा टाकू."

या वेळी माझ्यात एकच बटण पडलं. तेही इस्त्रीवाल्याचं, तत्त्व म्हणून. दुपारी त्यानेच मशीन खिडकीपाशी ढकललं.

मित्रांनो, कुणाला काय किती हवंय, ते जरूर मोजा. पण ज्याला सगळ्यात जास्त हवंय, त्याला डबा दिसतोय ना, ते आधी बघा.