सुभेदाराचा उपास

मिलिटरीतून रजेवर येताना बाकीच्यांचे भाऊ काळं ब्लँकेट आणतात, रमची बाटली आणतात. अंजनाच्या लालासाहेबदादानं दोन सोनेरी मासे आणले. पुण्यापासून कराडपर्यंत एसटीत त्यांची पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरून बसला होता, आणि शेजारची बाई सारखी विचारत होती की पोरगं किती महिन्यांचं आहे.

दुकानातनं पेपरमिंटच्या गोळ्यांची मोठी काचेची बरणी आणली आणि मासे सोप्यात, कोनाड्यात बसले. आबांनी, म्हणजे अंजनाच्या वडिलांनी, रिटायर हवालदार नाथाजींनी, दोघांना हुद्दे दिले. ढेरपोट्या तो सुभेदार, सडपातळ तो शिपाई. गणपती झाल्यावर दादा परत गेला. अंजना तेव्हा दहावीत होती आणि पुढं सांगलीला सायन्सला जाऊन जनावरांची डॉक्टर होणार असं तिनं परस्पर ठरवून सगळ्या वर्गाला सांगूनही टाकलं होतं. आबांना तेवढं सांगायचं राहिलं होतं.

सांगितल्यावर आबा म्हणाले, "जनावरांची डाक्टर व्हनार? मग ही दोन जनावरं दिवाळीपतूर जगवून दाव. दोनीबी. जगली तर सांगली, न्हाईतर कराडात शिवणाचा क्लास."

अंजनाला शिवणाची सुई पाहिली तरी झोप यायची. ती म्हणाली, "चालंल."

तीन आठवड्यांनी सुभेदार वाकडा झाला. आधी शेपूट वर, तोंड खाली. मग एका कुशीवर. मग पोट फुगून वर तरंगायला लागला, आणि शिपाई बापडा खाली तळाशी अटेन्शनमध्ये. पाणी तर तांदळाच्या धुवणासारखं गढूळ.

आबा बरणीपुढं उभे राहिले. "तीस वर्सं सुभेदार बघितलं, पर असा पडल्याला पयल्यांदाच बघतोय."

मग घरात जो तो डॉक्टर झाला. शेजारच्या दगडाबाई मीठ-मिरच्या घेऊन दृष्ट काढायला आल्या. "नजर लागलीया गं."

"माशाला कुणाची नजर लागनार, मावशी? मांजराची?" अंजना म्हणाली.

गुंडाकाकांचा सगळा अनुभव म्हशींचा. "फुगली की म्हशीला नळकांड्यानं गोडं त्याल पाजतूया आमी. ह्येला थेंबभर पाजू."

"तोंड कसं उघडायचं त्येचं?" आबांनी विचारलं.

"उघडंच हाय की सारखं."

तेल पाजायच्या आत अंजनानं बरणी उचलून माळवदावर नेली, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत विज्ञानाच्या सरांना गाठलं. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "औषध मागाहून. आधी तो काय खातो ते बघ, मग काय हगतो ते बघ." वर्गातल्या मुली फिदीफिदी हसल्या. अंजनानं मात्र वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं.

रविवारी बरणी परत कोनाड्यात ठेवून ती दिवसभर पुस्तक पुढ्यात धरून सोप्यात बसली, पण नजर बरणीवर. आणि काय बघितलं? त्या घरात जेवायला बसायच्या आधी गाईला घास द्यायची रीत होती. उन्हाळ्यात गाय विकली. गाय गेली, पण हाताची सवय जाते होय? पानावर बसताना जो तो घास घेऊन उठत होता आणि गाईच्या रिकाम्या दावणीकडे न जाता बरणीकडे वळत होता. आई भाकरीचा, काकी भाताचा, काका आमटीत बुडवून, आणि आबा सगळ्यांत शेवटी, हात जोडून. अंजनानं स्वतःचाही घास मोजला, कारण परवापर्यंत तीही टाकत होती. पाच माणसं, दोन वेळा. दहा घास. सुभेदार अख्खा दीड घासाएवढा.

सोमवारी सरांनी उपाय सांगितला तो सोपा होता. तीन दिवस पोटात काही जाऊ द्यायचं नाही. रोज तिसरा हिस्सा पाणी बदलायचं, तेही आदल्या दिवशी काढून ठेवलेलं, कारण विहिरीत पंचायतीची ब्लिचिंग पावडर पडते, तिचा वास आधी उडायला हवा. बरं झाल्यावर दिवसातनं एकदा, मोहरीएवढं.

संध्याकाळी अंजनानं जाहीर केलं, "सुभेदाराला तीन दिवस उपास. कुणी कायबी टाकायचं न्हाई."

सगळ्यांनी मानलं. उपास म्हटल्यावर त्या घरात कोण मोडणार?

सकाळी बरणीच्या तळाला साबुदाण्याचे पांढरे मणी. वर शेंगदाण्याचा कूट तरंगतोय.

"काकी, ह्ये काय?"

"उपास हाय म्हनलीस की," बनुबाईकाकी म्हणाली. "भाकरी टाकली का मी? येवडीशी खिचडी टाकली. जिरं घातल्यालं न्हाई हो तिच्यात."

अंजनानं कपाळ बडवून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. पाणी बदललं आणि हा निर्जळी उपास, त्यात जळ तेवढं चालू, बाकी सगळं बंद असा खुलासा केला. काकीनं शपथ घेतली. आईनं घेतली. काकांनी म्हशीची घेतली, म्हणजे पक्की.

तरी तिसऱ्या दिवशी सुभेदार पूर्ण उताणा. दिवाळीला आठ दिवस. अंजनाच्या डोळ्यांपुढं शिवणाची मशीन खडखडायला लागली. तिनं बाही सरसावून बरणीत हात घातला आणि तळाचा गाळ बोटावर घेतला. मऊ लगदा, ओशट. भाकरीचाच, पण दुधात कुस्करलेल्या. घरात दूधभाकरी एकच माणूस खात होता, कारण त्याच्या वरच्या दातांनी त्याच्या आधी रिटायरमेंट घेतली होती.

जेवणवेळेला ती बोट तसंच पुढं धरून आबांच्या ताटासमोर उभी राहिली.

आबांनी बोटाकडे बघितलं. मग ताटाकडे. आई पदर तोंडाला लावून चुलीकडे वळली.

"आबा, मला सांगलीला धाडायचं न्हाई म्हनून मारतायसा व्हय त्याला?"

"न्हाई गं पोरी." आबांचा आवाज एकदम खाली आला. "बरनी समोरच दिसतीया. वर अधिकारी उपाशी, आन खाली हवालदार जेवतोय. घास उतरंना मला."

रागवायचं ते रागवणं तिच्याच्यानं होईना. आबांना पाठ फिरवून बसवलं तर ते मान वळवून बघतील, आणि हातांची सवय तर एका गाईनं वीस वर्षांत लावलेली. तिनं गोडेतेलाचा रिकामा डबा घासून पुसून बरणीशेजारी ठेवला. ज्याला घास द्यायचा त्यानं डब्यात द्यावा. सुभेदाराच्या नावानं दिला तरी चालेल. डबा रोज कोंबड्यांपुढं रिकामा होईल.

आबांनी पहिला घास डब्यात टाकला, हात जोडले आणि मग निवांत जेवले.

दोन दिवसांनी सुभेदारानं मागनं एक लांबलचक दोरा सोडला. अंजनानं तो सगळ्या घराला बोलावून दाखवला आणि काकीनं नाकाला पदर लावूनसुद्धा पुरता बघितला. चौथ्या दिवशी तो सरळ पोहत होता.

दिवाळीला लालासाहेबदादा आला तेव्हा दोन्ही मासे ठणठणीत आणि कोंबड्या चालताना धापा टाकत होत्या. पाडव्याच्या सकाळी आबांनी आपली मिलिटरीची काळी ट्रंक माळ्यावरून काढली. कॉलेजला अजून सात-आठ महिने होते, पण ते ब्रश घेऊन बसले. स्वतःचा नंबर पुसला आणि पांढऱ्या रंगानं लिहिलं, अंजना नाथाजी, मुक्काम सांगली.

"तू गेल्यावर ह्यांचं कोन बगनार?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

अंजनानं शाळेतनं ढापलेला खडू काढला आणि कोनाड्यावरच्या भिंतीवर लिहायला लागली. एक, दिवसातनं एकदा मोहरीएवढं. दोन, पाणी कालचं. तीन, हवालदारांनी बरणीपुढं उभं राहताना दोन्ही हात पाठीमागं ठेवावेत.

आबांनी ब्रश खाली ठेवला, तीनही ओळी ओठ हलवत वाचल्या, आणि रंगाचे हात पाठीमागं घेतले.