ढिगाखाली कुणीतरी झोपलंय

अख्ख्या गावाची पानं उचलणाऱ्या मुकादमाच्या स्वतःच्याच अंगणात पानांचा ढीग पडून होता, आणि तोही चांगला कमरेएवढा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पानगळ सुरू झाली की मुकादमाच्या हाताखालची चार माणसं आणि एक ट्रक दिवसभर रस्ते लख्ख करत हिंडायचा. संध्याकाळी मात्र मुकादम घरी आला की फाटकातून आत शिरून त्या ढिगाला वळसा घालायचा आणि मान खाली घालून दार गाठायचा. जाणारे-येणारे बघून हसायचे. शेजारच्या काकूंचं नुसत्या हसण्यावर भागत नसे, त्या बोलायच्यासुद्धा.

ढीग काढायला तो गेला नव्हता असं नाही. आठवड्यापूर्वीच खराटा घेऊन, बाह्या सरसावून गेला होता. पण त्याची धाकटी मुलगी मिरी, वय वर्षं चार, दोन्ही हात पसरून ढिगापुढे उभी राहिली आणि कुजबुजली, "बाबा, हळू. आत कुणीतरी झोपलंय."

दुसऱ्या कुठल्या घरात बापाने "चल, हो बाजूला" म्हटलं असतं आणि विषय तिथेच मिटला असता. या घरात ते शक्य नव्हतं. मिरीची आई बेकरीत भट्टीवर कामाला होती. पहाटे तीनला उठायची, लोक डोळे चोळत बाहेर येईपर्यंत शेकड्यांनी पाव भाजून मोकळी व्हायची, आणि दुपारी घरी येऊन दोन घास पोटात ढकलले की आडवी पडायची. म्हणून या घरात एकच कायदा होता: झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही. कायदा मुकादमाने स्वतः केला होता आणि स्वतःच डोळ्यांत तेल घालून पाळायचा. पोरांना शाळेतून आणलं की आई उठेपर्यंत घरात सगळे मोजे घालून चालायचे. मोठा मुलगा, ज्याला त्याच्या वाद घालण्याच्या हौसेपायी सगळे वकील म्हणायचे, तोसुद्धा त्या वेळेत खुणांनी भांडायचा. एकदा दारावर आलेल्या पडदेविक्याला मुकादमाने तोंडावर बोट ठेवून असा काही दम भरला होता की तो बिचारा चवड्यांवर परत गेला.

तेव्हा मुकादमाने खराटा खाली केला आणि आत कोण झोपलंय ते विचारलं. मिरी सांगेना. तो म्हणाला की कायदा आईपुरता आहे. त्यावर वकील पायरीवरून उठून आला आणि कायदा करताना बाबा 'कुणालाही' म्हणाला होता, याची त्याने आठवण करून दिली. शेवटी मुकादमाने मिरीच्या हातावर हात मारून शब्द दिला की आत जो कोण आहे तो आपणहून उठेपर्यंत ढिगाला कुणी बोट लावणार नाही.

आत एखादं कासव असेल नाहीतर मुंगूस, असं त्याला वाटत होतं. पुढे काकूंनीच सांगितलं की भर दुपारी तुमच्या त्या ढिगातून काहीतरी गुरगुरतं, तेव्हा त्याची खात्री पटली. मिरीला विचारलं तर ती गंभीरपणे म्हणाली, "तो घोरतो."

त्याच आठवड्यात घरात दुसरा एक गोंधळ झाला होता. मिरीच्या आईचं गजराचं घड्याळ गायब झालं. जुनं, सेलवर चालणारं, वरती दोन घंटा असलेलं, मेलेल्याला उठवील असा त्याचा आवाज. पहिल्या दिवशी गजर झालाच नाही आणि बाईसाहेब जाग्या झाल्या त्या थेट सूर्य वर आल्यावर. मग काय, केस कसेबसे बांधून ती धावत सुटली, पण त्या दिवशी निम्म्या गावाने पावाशिवायच चहा घेतला आणि बेकरीच्या मालकाने तिला जे ऐकवलं ते तिने घरी येऊन मुकादमाला ऐकवलं. तुम्हाला आवरण्याचा रोग आहे, तुम्हीच कुठेतरी आवरून ठेवलंत, असं तिचं म्हणणं. मुकादमाला आवरण्याचा रोग खरंच होता, त्यामुळे बिचाऱ्याला धड नाहीही म्हणता येईना. त्याचे स्वतःचे जाड लोकरी मोजेही सापडत नव्हते, पण ते बोलायची ही वेळ नव्हती. तेव्हापासून मोबाइलच्या गजरावर निभत होतं.

मग वरच्या साहेबांची पाहणी आली. दर पानगळीत एकदा साहेब रस्ते बघायचे आणि शेवटी पानांच्या डेपोवर यायचे. मुकादम सकाळपासून गावाच्या पार दुसऱ्या टोकाला होता. दुपारी तो डेपोवर पोचला तर त्याची चारही माणसं त्याच्याकडे बघून गालातल्या गालात हसत होती. ट्रकचा ड्रायव्हर त्यांच्यात जुना. तो म्हणाला, "मुकादम, आज तुमची काळजी मिटवली. साहेबांनी तुमचं अंगण बघितलं असतं तर आपल्या सगळ्यांचं नाक कापलं गेलं असतं. ढीग उचलला. कोपऱ्यातलं पानसुद्धा ठेवलं नाही."

आपल्या माणसांना आपण इतकी चांगली सवय का लावली, असं मुकादमाला त्या क्षणी आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. ढीग कुठे टाकला म्हणून विचारलं, तर ड्रायव्हरने डेपोतल्या पानांच्या डोंगराकडे बोट दाखवलं. डोंगर घराएवढा होता.

मिरीची बालवाडी सुटायला तासाभराचा अवकाश होता. मोठ्या माणसाला दिलेला शब्द मोडला तर तो चार शिव्या देतो आणि मोकळा होतो. चार वर्षांच्या पोरीला दिलेला मोडला तर ती काही बोलत नाही, नुसती बघते. ते बघणं मुकादमाला सोसणार नव्हतं. नोकरी गेली तरी चालेल, पण रिकाम्या अंगणात त्या पोरीपुढे उभं राहणं नको, असं त्याला मनापासून वाटलं.

त्याने माणसांना सांगितलं की त्या ढिगात कुणीतरी झोपलेलं होतं आणि ते शोधायचं आहे. कोण, ते माहीत नाही. किती मोठं, तेही माहीत नाही. खोरं लावायचं नाही, हातांनी शोधायचं, आणि मुख्य म्हणजे त्याला उठवायचं नाही. माणसांनी एकमेकांकडे बघितलं. पण दुपारच्या वेळी मुकादमाच्या घरी निरोप घेऊन जायची पाळी प्रत्येकावर कधी ना कधी आलेली होती, त्यामुळे तो कायदा सगळ्यांना पाठ होता. चार दांडगे गडी बूट काढून डोंगरावर चढले आणि एकेक मूठ पानं बाजूला करू लागले.

साहेब आले तेव्हा डेपोत चिडीचूप होतं. आपली पाहणी असताना पाच माणसं अनवाणी पायांनी पानांत बसून कुजबुजताहेत, हे बघून साहेबांचा पारा चढला. त्यांनी हे काय चाललंय म्हणून गरजून विचारलं. ड्रायव्हरने वळून तोंडावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "हळू, साहेब. झोपलाय."

साहेबांचाही आवाज का कोण जाणे, एकदम खाली आला. "कोण?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

तेवढ्यात डोंगराच्या डाव्या अंगातून गुरगुर सुरू झाली. दोन गडी घाबरून मागे सरकले. मुकादम पुढे झाला, कोपरापर्यंत हात आत घातला आणि एक लोकरी गाठोडं बाहेर ओढलं. ते थरथरत होतं. वरचा मोजा त्याने ओळखला, कारण तो त्याचाच होता. आतला दुसरा मोजाही त्याचाच निघाला. तो काढल्याबरोबर मेलेल्याला उठवील असा गजर डेपोभर घुमला. काट्याच्या घड्याळाला पहाटेचे तीन आणि दुपारचे तीन सारखेच.

साहेबांनी स्वतःच्या मनगटाकडे बघितलं, ते घड्याळ दोन मिनिटं पुढे असल्याचं सांगितलं आणि गाडीत बसून निघून गेले. मुकादम मात्र घड्याळ मांडीवर घेऊन पानांतच बसून राहिला.

बालवाडीच्या दारात मिरीने त्याच्या हातातलं गाठोडं बघितलं आणि हळूच विचारलं, "उठला?"

मुकादम म्हणाला की आपला आपणच उठला. मग त्याने ढीग गेल्याचंही सांगून टाकलं. माणसांनी उचलला, पण चूक त्यांची नाही, शब्द मी दिला आणि त्यांना सांगायला मीच विसरलो, असं म्हणाला. मिरी नुसती बघत राहिली. तेच ते बघणं. विषय बदलायला म्हणून त्याने घड्याळाला असं झोपवलं कशाला ते विचारलं.

"आईला उठवायचं नाही हे सगळ्यांना माहितीये," मिरी म्हणाली. "हा एकटाच ऐकत नाही." थोडं चालून गेल्यावर तिने पुढचं सांगितलं. "मी याला झोपवलं, तर सकाळी मला जाग आली तेव्हा आई शेजारीच होती."

मुकादमाच्या घरात त्याचाच कायदा रोज पहाटे तीनला मोडला जात होता, आणि ते खटकलं होतं फक्त या टीचभर पोरीला. त्याने तिला खांद्यावर घेतलं. एवढ्याशा अंतरासाठी खांद्यावर घ्यायचं तिचं वय राहिलं नव्हतं, पण त्याला घ्यावंसं वाटलं.

आई उठल्यावर त्याने तिला सगळं सांगितलं. ती आधी पोट धरून हसली, मग हसता हसता रडली, आणि मग आवरण्याच्या रोगाबद्दल जे बोलली होती ते तिने मागे घेतलं. सगळं नाही, थोडं. दुसऱ्या दिवशी तिने बेकरीच्या मालकापुढे ते घड्याळ मोज्यांसकट ठेवलं आणि आठवड्यातून एक दिवस भट्टीऐवजी गल्ल्यावर बसायला मागितलं, म्हणजे उशिरा आलं तरी चालेल. मालकाने तोंड वाकडं केलं, पण बुधवार दिला.

पहिल्या बुधवारी उन्हं खिडकीत आली तरी आई घरातच होती. मुकादम आणि वकील दारात उभे राहून बघत होते. मिरी अजून झोपलेली. आईला काही धीर धरवेना. तिने वाकून पोरीच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाली, "मिरे, ऊठ. बघ, मी आहे."

मिरीने डोळेसुद्धा उघडले नाहीत. "आई, झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

बरोबर आहे, असा वकिलाने दारातूनच निकाल दिला. आई मुकाट्याने पांघरुणात शिरली आणि पोरीला जवळ घेऊन पुन्हा झोपी गेली. तेव्हापासून दर मंगळवारी रात्री मिरी घड्याळाला नीट गुंडाळून झोपवते, आणि बुधवारी मुकादम थंडगार फरशीवर अनवाणी चवड्यांनी चहा करतो, कारण जाड लोकरी मोज्यांची घरात एकच जोडी आहे.