दहाव्या डावासाठी राखीव

ओमडालला खेळवलंच नाही. हे वाक्य वाचकांनी कृपया विसरून जावं. मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता एमिल नॉरगार्डला ते ठाऊक नव्हतं, आणि त्याच्या आधी आपल्याला कळणं बरं दिसत नाही.

"बेसबॉलमधल्या निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामना, आणि भर उन्हात!" बस डेपोतल्या टीव्हीसमोर खुर्ची ओढत एमिल म्हणाला. "पूर्वेकडे आठ वाजलेत, तिकडच्यांची जेवणं झाली पाहिजेत ना! आपण काय, पॅसिफिकच्या काठावर टाकून दिलेली माणसं."

"मग बघू नकोस," काचेमागून वँडा म्हणाली. ड्रायव्हरांना गाड्या वाटून देणं तिचं काम.

"न बघून कसं चालेल? आपला माणूस आहे."

आपला माणूस म्हणजे रस्टी ओमडाल. प्रत्येक संघातून निदान एकजण घ्यायचाच, असा ऑल-स्टारचा नियम. शहराच्या संघाने अठ्ठ्याऐंशीपैकी एकसष्ट सामने हरून दाखवले होते. त्यातल्या तीन बऱ्या खेळाडूंपैकी एकाचा गुडघा गेला, दुसऱ्याचा खांदा, आणि तिसरा शिंकला नि पाठ धरून बसला. उरला ओमडाल. वय चौतीस, अकरा हंगाम, बहुतेक बाकावर. त्याला पुन्हा कधी कोणी बोलावणार नाही, हे त्यालाही माहीत होतं आणि एमिललाही. एमिलला त्याला एकदाच, फक्त एकदाच बॅट घेऊन उभा राहिलेला बघायचं होतं. बाद झाला तरी चालेल.

एमिल स्वतः सव्वीस वर्षं राखीव ड्रायव्हर. कोणी आजारी पडलं तर बस काढायची, तोवर डेपोत बसायचं. तीनदा त्याला कायमचा मार्ग मिळाला होता. तिन्ही वेळा मार्गच बंद झाला.

पाचव्या डावापर्यंत निम्मा संघ बदलून झाला. ओमडाल बाकावर सूर्यफुलाच्या बिया चघळत होता.

"हा बघ, खेळता खेळता माइकवर समालोचकाशी गप्पा मारतोय," एमिल करवादला. "खेळतोयस का रेडिओ चालवतोयस, बाबा?"

"अरे, जत्रा आहे ती," पाळी संपवून आलेला पर्सी हॉट डॉग खात म्हणाला. "मजा कर की म्हाताऱ्या."

"जत्रेतसुद्धा रांगेतल्या सगळ्यांना पाळण्यात बसवतात."

आठव्या डावात समालोचकाने खुलासा केला. सामना चार-चार असा बरोबरीत होता. नऊ डावांनंतरही बरोबरी राहून दहावा डाव खेळायची वेळ आली तर हाताशी कोणीतरी हवं, आणि एकदा बदललेला खेळाडू परत येत नाही, म्हणून मॅनेजरने ओमडालला जपून ठेवलं होतं.

"जपून!" पर्सी हसला. "ऐकलंस? मौल्यवान आहे तो."

एमिल हसला नाही. जपून ठेवणं म्हणजे काय, ते त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

नववा डाव. दोघे बाद, तिसरा झाला की डाव संपणार. शेवटची फलंदाजी ओमडालच्याच संघाची होती, तरी एमिल हात जोडून त्या संघाच्या वाइटावर टपला होता. "बाद हो रे. तूही बाद हो. बरोबरी राहू दे." पडद्याच्या कोपऱ्यात ओमडालने हेल्मेट चढवलं आणि बॅट दोनदा हवेत फिरवून पाहिली.

पुढच्याच चेंडूवर होम रन बसला, चेंडू थेट कुंपणापार, आणि ओमडालचा संघ जिंकला. सामना संपला. सगळे मैदानात धावले. ओमडालही आला मैदानात, शेवटी. जॅकेट घालून, दुसऱ्याची पाठ थोपटायला.

पर्सीने टीव्हीचा आवाज बंद केला.

"एमिल," वँडा काच सरकवून हळूच म्हणाली, "आज सगळे ड्रायव्हर आलेत. तू जा घरी."

एमिल गेला नाही. बेसबॉल लीगकडे तक्रार करायला डेपोत कागद नव्हता. प्रवासी तक्रारीचे छापील अर्ज मात्र होते. त्याने एक ओढला आणि सुवाच्य अक्षरात भरला.

मार्ग क्रमांक: लागू नाही.

ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्या कर्मचाऱ्याची वागणूक: शांतपणे बसून होता.

तक्रारदाराची मागणी: सदर सामना बरोबरीत सुटल्याचे समजून दहावा डाव घेण्यात यावा व श्री. रस्टी ओमडाल यांस एकदा फलंदाजीस पाठवावे. निकालात बदल करण्याचा आग्रह नाही. प्रेक्षक, बँड व सलामीची विमाने यांची आवश्यकता नाही. चेंडू टाकण्यास कोणी उपलब्ध नसल्यास तक्रारदार कोणत्याही दिवशी रिकामाच असतो. तरी आपल्या सोयीची तारीख कळविण्यात यावी, ही नम्र विनंती.