फुलीवर मीटर

माझा तोंडावरचा ताबा सुटला की मी समोरच्याच्या सात पिढ्या उद्धरते, हे मामांना माझ्या लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणून तर त्यांनी माझं नाव ठिणगी ठेवलं. पण त्या दिवशी मी जे बोलले त्याला ठिणगी म्हणत नाहीत, आग लावणं म्हणतात.

गिटारचा आवाज मोठा करणारे जुने, काचेच्या ट्यूबवाले अ‍ॅम्प दुरुस्त करायचं आमचं दुकान. दुकान मामांचं, मी पंधरा वर्षं त्यांच्या हाताखाली. या अ‍ॅम्पची खोड अशी की प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये चारशे-साडेचारशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. त्यासाठी आमचे दोन नियम. एक, आत एक हात घालताना दुसरा खिशात ठेवायचा, म्हणजे करंट छातीतून जात नाही. दोन, ज्याने कपॅसिटर रिकामे केले त्याने पत्र्यावर खडूने फुली काढायची, आणि जो अ‍ॅम्प पुन्हा चालू करील त्याने आधी ती पुसायची. फुली दिसली की बिनधास्त हात घालावा. मामांच्या फुलीवर व्होल्टचा मीटर लावून बघणं म्हणजे आईने वाढलेलं ताट हुंगून बघणं.

त्या दिवशी एका संगीत क्लासचे तीन अ‍ॅम्प टेबलावर होते. तिन्ही एकाच कंपनीचे, एकाच वर्षाचे, तिळ्या भावंडांसारखे. मामांनी तिन्ही उघडले, रिकामे केले, फुल्या काढल्या, जुने भाग काढून नवे जोडले. नव्या ट्यूबचा बायस लावायचं काम माझं, कारण मामांना आता मीटरवरचे आकडे दिसत नाहीत. बायस म्हणजे काय ते मामा गिऱ्हाइकाला फार छान सांगतात. ट्यूब म्हणजे नळ. कोणी गिटार वाजवत नसलं तरी तो थोडा ठिबकत ठेवावा लागतो. कमी ठिबकला तर आवाज खरखरतो, जास्त ठिबकला तर ट्यूब लालबुंद होऊन मरते. आतला एक बारीक स्क्रू फिरवून ते ठिबकणं नेमकं करायचं. या अ‍ॅम्पला मीटरवर छत्तीस हवे होते. आकडा जमला की आम्ही तो कागदाच्या पट्टीवर लिहून आतल्या झाकणामागे चिकटवतो.

जेवण करून आले. मधल्या अ‍ॅम्पची एक वायर वर आलेली दिसली. फुली होती. मी बोट घातलं.

पुढचं एवढंच आठवतं की माझं कोपर मागच्या कपाटावर आपटलं होतं आणि दात एकमेकांवर. डावा हात खिशात होता म्हणून आज हे सांगतेय. जीव ठिकाणावर आला आणि तोंड सुटलं. काम बघायला आलेले क्लासचे सर समोर उभे होते, त्यांचीही भीड राहिली नाही.

"फुली काढलीत आणि रिकामा केला नाहीत? म्हातारचळ लागलाय का तुम्हाला? कोणाचा तरी जीव घेऊनच थांबणार का?"

मामांनी फुलीकडे पाहिलं. "केला होता गं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून विचारलं, "केला होता ना मी?"

मी हात चोळत तोंड फिरवलं. मामांनी खडू टेबलावर ठेवला, चष्मा खिशात घातला आणि ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. वाटलं, बरं झालं, वेळेवर थांबले.

त्या अ‍ॅम्पला दहा दिवस कोणी शिवलं नाही. सरांचे फोन यायला लागले तेव्हा तो ओढून घेतला, आधी मीटर लावून बघितला आणि बायस लावण्यासाठी आतलं झाकण सरकवलं. आत पट्टी होती. ताजी, पांढरी. छत्तीस. खाली करंट लागला त्या दिवसाची तारीख. अक्षर माझं.

जेवणाआधी हाच अ‍ॅम्प मी चालू केला होता. बायस लावला, बंद केला, पट्टी चिकटवली, आणि मामांची फुली पुसायची विसरले. जेवून आल्यावर तिन्हींत कोणता झाला आणि कोणता नाही, हे डोक्यातून गेलं होतं. मामांनी रिकामा केला होता. मी पुन्हा भरला होता.

अ‍ॅम्प, मीटर, हत्यारं आणि दुकानातली गिटार गाडीत घातली आणि मामांचं घर गाठलं. मामीने दार उघडलं. दाराच्या आत भिंतीवर एक चिठ्ठी होती, मामांच्या ठसठशीत अक्षरात: गॅस बंद केला का? तिच्या खाली दुसरी: किल्ली?

"हे कधीपासून विसरायला लागले?" मी चिठ्ठ्यांकडे बोट दाखवलं.

"कुठे विसरतात? काहीच विसरत नाहीत गं. पण दिवसातून दहादा विचारतात, मी आंघोळ केली का, मी जेवलो का. मला तर काही कळेनासं झालंय."

मामा खिडकीपाशी बसले होते. मी त्यांच्या पायाशी बसून सगळं सांगितलं. ते हसले.

"समजूत घालू नकोस. तू म्हणालीस तेव्हाच मला पटलं."

"अहो, पट्टी बघा!"

"ती काय, आजही चिकटवली असशील. तुझा जीव आहे माझ्यावर, माहीत आहे मला."

मग अ‍ॅम्प टेबलावर ठेवला, दहा दिवसांची ती फुली ओल्या फडक्याने पुसली, चालू केला, मीटर लावला आणि स्क्रू उलटा पिळून बायस पार बिघडवला. स्क्रूड्रायव्हर मामांच्या हातात दिला. "तुम्ही पूर्वी कानाने लावायचात. लावा."

"नको."

"मी वाजवते. लावा म्हटलं ना!"

मी जाडी तार छेडली. आवाज फाटका, खरखरीत आला. मामांचं तोंड कडू झालं. त्यांचा डावा हात आपसूक खिशात गेला. उजव्याने ते स्क्रू केसभर फिरवत, थांबत, डोळे मिटून ऐकत राहिले. खरखर गेली. आवाज भरला. "बास. आता थांब," ते म्हणाले. मी तार दाबली.

"किती?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ते मामीकडे हात करून म्हणाले, "तू नको सांगू. तिला वाचू दे."

मामीला यातलं ओ की ठो कळत नाही. ती मीटरवर वाकली. "तीन," ती म्हणाली, "आणि पुढे सहा. छत्तीस का हो? चांगलं आहे की वाईट?"

मामांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग एकदम माझ्यावर ओरडले, "मग फुली पुसली का नाहीस, गाढवे? मेली असतीस! आणि मी इथे दहा दिवस स्वतःच्या सावलीला विचारत फिरतोय, माझं डोकं जागेवर आहे का म्हणून!"

मी रडत होते आणि मान हलवत होते. मामांनी अ‍ॅम्प बंद केला, कपॅसिटर रिकामे केले, माझ्याकडून खडू घेऊन फुली काढली.

"मीटर लाव."

"तुमच्या फुलीवर?"

"देवाने काढली तरी लावायचा."

मी लावला. शून्य होतं. मामा उठले, दाराजवळ गेले आणि गॅसची चिठ्ठी नखाने खरवडायला लागले. गोंद पक्का होता. अर्धी भिंतीलाच राहिली.