फियाट मुळाला निघाली

आमच्या घरात दोन म्हाताऱ्या हायेत. एक मी अन् दुसरी फियाट. माझं अंग दुखलं तर नवरा म्हणतो, "झोप जरा." तिचं थेंबभर पाणी गळलं की निम्मं राणीसावरगाव गोळा करतो. आता तुमीच सांगा, माझा पारा चढंल का न्हाई?

ही फियाट माझ्या सासऱ्यांनी हैदराबादेहून आणलेली. वन्सं, म्हणजे माझी थोरली नणंद शिवकांता, लग्न होऊन चुडाव्याला गेल्या त्या ह्याच गाडीत. पंचमीला भावानं मुळाला जायचं, म्हणजे बहिणीला सासरहून माहेरी आणायचं, ही आमची रीत. आमचे हे, रेवणप्पा, दर साली हीच गाडी घेऊन जातेत. सासू-सासरे गेले तरी रीत मोडली न्हाई. वन्सं येतेत, आठ दिस ऱ्हातेत, माझ्या भाकरीला नावं ठेवतेत अन् जातेत. आमच्या दोघींचं कधी पटलं न्हाई, हे साऱ्या गल्लीला ठाऊक हाय.

ह्या साली पंचमी तोंडावर आली अन् गाडीनं पाणी सोडलं. रेडिएटर भरावं, वेशीपर्यंत जावं, की इंजन तापून काटा लालमध्ये अन् खाली डबकं. नागनाथ मिस्त्रीनं रेडिएटर काढून झाळून दिलं, तरी गळती तशीच. मग कुण्या ट्रकवाल्यानं ह्यांना सांगितलं, रेडिएटरमध्ये हळद टाका, भोक बुजतंय. मी फोडणीला हळद घ्यायला जाते तर डबा मोकळा!

"अवो, हळद कुठंय?"

"गाडीत."

"गाडीत कामून?"

"औषध म्हणून टाकली."

अंगणात पिवळंधमक पाणी टपटप गळायलं होतं. मी म्हणलं, "हळद तर लागली, आता अक्षता कवा टाकायच्या?" नागनाथ हसून हसून खालीच बसला. मग त्यानं ते पिवळं पाणी काढून टाकलं, नळी लावून आतून सगळं धुतलं, इंजन पुसून कोरडं ठक्क केलं, अन् हात टेकले. "आप्पा, पाणी कुठून जायलंय तेच दिसंना. भाड्याची जीप सांगा अन् आणा आक्काला."

ह्यांचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात चुडाव्याहून फोन आला. मीच उचलला.

"भागम्मा, गाडी बिघडली म्हणं?" वन्सं म्हणल्या.

"बिघडली जराशी. जीप पाठवताव की."

"जीप कशाला? ऱ्हाऊ दे. इथं सुना बी म्हणायल्यात, ह्या वयात कसलं आलंय माहेर. बरोबरच हाय त्यांचं. ह्या साली न्हाई येत मी."

एरवी एका शब्दाला चार शब्द लावणारी बाई, पण आज गुमान फोन ठिवला.  एकदा 'ऱ्हाऊ दे' म्हणलं की पुढच्या साली कुणी इचारीत बी न्हाई, अन् माहेर तिथंच सरतं. मला लय राग आला. त्यांच्या सुनांचा, गाडीचा, ह्यांच्या हळदीचा, सगळ्यांचाच.

तशीच देवघरात गेले. उदबत्ती घेतली, विभूतीची गोळी घेतली अन् अंगणात आले.

"काय करायलीस?" ह्यांनी इचारलं.

"पूजा. उद्या गाडी मुळाला जाणार हाय."

"अगं पण नीट कुठं झाली?"

"तुमी हळद लावली, मी विभूती लावते. बघू कुणाची लागू पडती!"

विभूतीची तीन बोटं ओढायची असतेत ती बोनटवर. पण बोनट होतं उघडं अन् माझं डोकं होतं तापलेलं. गोळी हातातच कुस्करली अन् सगळं भस्म इंजनावर उधळलं. वर, खाली, नळ्यांवर, पार मागच्या अंगाला बी. हे नुसते "अगं, अगं" करत ऱ्हायले. इंजन पांढरंफेक झालं. "आता करा चालू," म्हणलं.

माझ्यापुढं कोण बोलणार? ह्यांनी पाणी भरलं, चावी फिरवली. इंजन चांगलं तापलं. मी उदबत्ती ओवाळायले, तर धुराच्या नळीमागं, इंजनाच्या कुशीला, भस्मात एक काळा ठिपका उमटला. ठिपक्याची रेघ झाली. रेघ खाली उतरली अन् कडंकडंनं सरकत थेट रेडिएटरखाली येऊन टपकली.

"नागनाथ!" मी वरडले. "पळत ये, चोर घावला!"

नागनाथनं आत डोकं घातलं. "अगागा! काकू, हे तर बूच हाय!"

इंजनाच्या अंगाला पत्र्याची गोल बुचं असतेत म्हणं, आतलं पाणी अडवायला. त्यातलं एक गंजून सुईएवढं भोक पडलेलं. इंजन तापलं की तिथून पाणी निघायचं, अन् आमचं अंगण उताराचं, म्हणून थेंब पुढं येऊन पडायचा. चोरी बुचाची अन् मार खायला बिचारं रेडिएटर!

इंजन थंड झाल्यावर नागनाथनं सडकं बूच ठोकून काढलं, खाच घासून लख्ख केली, कडंला गोंद लावला अन् नवं बूच ठक ठक करत बसवलं. हिरवं कूलंट भरलं. मग किती तरी वेळ इंजन चालू ठिवलं, अन् आमी तिघं खाली वाकून बघत बसलाव. एक थेंब न्हाई!

"भागम्मा, तू तर मिस्त्री निघालीस!" हे अंगणातच नाचायले. ह्या वयात! मला बी हसू आवरंना.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे निघाले, तर मी आधीच पुढच्या सीटवर.

"तू कुठं? मुळाला भाऊ जातो."

"जा की तुमी. मी इंजनासंगं चालले. वाटंत गळलं तर तुमी पुन्हा कुणाची तरी हळद उचलताल."

पालम गेलं, गोदावरीचा पूल गेला, काटा आपला मधल्यामधी. दोन्ही अंगाला सोयाबीन हिरवंगार. हे गाणं म्हणायले, ते बी बेसूर. म्हणलं, म्हणू द्या.

चुडाव्याला फोन मी केलाच न्हाई. न्हाई म्हणायची संधी कशाला द्यायची? वन्सं ओट्यावर सूप घेऊन तूर निवडायल्या होत्या. गाडी दारात थांबली तशा उठल्या. "आणलीस का रं गाडी!" भावाला म्हणल्या, अन् दारातल्या सुनांकडं अशा ऐटीत बघितलं, की काय सांगू.

मग मी उतरले. वन्संच्या हातातलं सूप तिथंच थांबलं.

"तू?"

"गाडी गळती का बघायला आले," मी म्हणलं.

त्यांनी सूप खाली ठिवलं अन् माझे दोनी हात धरले. "भाऊ येतोय गं दर साली. त्याची रीतच हाय ती. पण आई गेल्यावर माहेर भावजयीच्या हातात असतं. तू कधीच आली न्हाईस. मला वाटायचं, हा आणतो म्हणून तू ठिवून घेतीस."

मला रडू फुटलं, अन् रडू फुटलं म्हणून राग आला. "इतकी सालं भांडले तुमच्यासंगं, ते काय परक्यासंगं भांडतं का कुणी? आता आले ना? चला, पिशवी भरा!"

"भरलेलीच हाय," वन्सं म्हणल्या, अन् दाराआडून पिशवी काढली.