कणगीच्या पोटातला कॅनडा

मित्रांनो, कणगी पाहिली आहे का तुम्ही? नसेल तर सांगते. कळकाच्या कांबींची विणलेली, माणसाच्या छातीइतकी उंच, शेणाने लिंपलेली पोटाळ टोपली म्हणजे कणगी. वर्षाचं भात तिच्यात राहतं. मी तशीच एक जुनी कणगी आहे. विंझरजवळच्या एका वाडीत, चिमाजीच्या माजघरात माझं आयुष्य गेलं.

मला रतनबाई बुरडिणीने विणलं आणि नसरापूरच्या बाजारात चिमाजीने घासाघीस करून घेतलं. बैलगाडीतून मी तोंड आभाळाकडे करून आले आणि तशीच कोपऱ्यात बसले. मला दिसतं ते फक्त आढं. त्यामुळे घरात कोण काय बोलतं, हे कान देऊन ऐकायची मला फार खोड लागली. एखादा शब्द कळला नाही की दिवसभर मला चैन पडत नसे.

माझं लिंपण चिमाजीची बायको अंबूबाई करी. तिचा हात मऊ होता. भात भरलं की ती माझ्या पोटावर थाप मारी आणि मला धन्य वाटे. पण दर वर्षी पीक सारखं थोडंच येतं? चिमाजीच्या धाकट्या भावाची सोयरीक जमायची होती, त्या साली मी अर्धीसुद्धा भरले नव्हते. पाव्हणे घर बघायला येणार म्हटल्यावर चिमाजीने माझ्या बुडाशी तूस आणि पेंढा कोंबला आणि वर वीतभर भात पसरलं. भावकीतल्या गेनबाचे बैल दाखवायला म्हणून आमच्या गोठ्यात येऊन उभे राहिले. पाव्हणे आले, माझ्यात डोकावले, मान हलवून चहा प्यायले. आत हात घालून बघायचं नाही, ही आमच्याकडची रीत. गेनबाच्या घरी पाव्हणे आले तेव्हा आमचे बैल तिकडे गेले. त्यात कुणाला काही खोटं वाटत नसे.

आता खरी गोष्ट. चिमाजीचा मुलगा ज्ञानू पुण्याला एका कारखान्यात लेथवर काम करायचा. हाताचा पक्का होता. एकाहत्तर साली तो एसटीने घरी आला आणि म्हणाला, "आबा, म्या कॅनडाला जायाचा अर्ज केलाय. कारागीर मानसं पायजेत त्यांना. पर मुलाखतीला जाताना पैसं दाखवाया लागत्यात."

कॅनडा! हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. वेल्ह्याच्या पलीकडे असेल का? तिथे भात पिकतं का? मला विचारता येत नव्हतं, याचं इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

"द्यायाचं का दाखवायाचं?" चिमाजीने विचारलं.

"नुसतं दाखवायाचं. माज्या नावावर पायजेत."

"मग त्यात काय! सोयरिकीला दाखवतो तसंच की." चिमाजी मोठ्याने हसला आणि गेनबाला हाक मारायला बाहेर पडला.

आठवड्यात भावकीने पैसे जमवले. गेनबाने नव्या बैलजोडीसाठी ठेवलेले दिले. कुणी म्हशीचे आणले, कुणी एक पाटल्या मोडायला निघाली, तिला अंबूबाईने परत पाठवलं. मुलाखत झाली की ज्याचे त्याला परत, असा बोलीचा व्यवहार. ज्ञानूने ते सगळे पुण्याच्या बँकेत आपल्या नावावर भरले आणि मुंबईला गेला. आपल्या वाडीचा पोर साहेबाच्या देशात जाणार म्हणून चिमाजी मिशीला पीळ देत फिरत होता.

ज्ञानू परत आला तो हिरमुसून. त्याचा आवाजच सांगत होता.

"साहेबानं काम इचारलं, समदं सांगितलं. खूश झाला. मग बँकेचा कागद बघून म्हनला, तीन वर्सं थोडं थोडं पैसं पडल्यात, अन् एकाच आठवड्यात एवढा ढीग कुटनं आला? म्या म्हनलं, वाडीचं हायेत. त्यो म्हनला, परत द्यायाचं? म्या म्हनलं, व्हय."

"आरं, माजं हायेत म्हनायचं!" चिमाजी कडाडला. "पाव्हन्यानं कणगीत हात घालायचा नसतो, त्याला कुनी शिकीवलं न्हाई का?"

"त्यो म्हनला, पैसं आमाला नकोत. तिथं काम लागंपातूर दोन-चार म्हयनं जातील. तवर तू काय खाशील, त्ये मला सांग. त्यानं अर्ज नापास केला, आबा."

चिमाजी पुन्हा काही बोलणार, तोच अंबूबाई म्हणाली, "गप बसा वाईच. त्या परक्या मानसानं माज्या लेकाला इचारलं, तू काय खाशील. ह्ये आपन इचारायचं हुतं. म्या आई असून इचारलं न्हाई."

मला तर माझ्या भरल्या पोटाची लाज वाटली.

पैसे ज्याचे त्याला परत गेले. ज्ञानू म्हणाला, मी पुन्हा अर्ज करीन, पण माझ्या पैशावर. पुण्याला त्याचा अर्धा पगार खाणावळीत जात असे. अंबूबाईने त्यावर तोड काढली. दर महिन्याला ती माझ्यातून भात काढी, गिरणीतून तांदूळ करून आणी आणि एसटीत पोतं टाकी. ज्ञानू खोलीवर स्टोव्ह पेटवून भात रांधायचा आणि खाणावळीचे पैसे बँकेत टाकायचा. घरी नाचणीची भाकरी वाढली, भात कमी झाला. चिमाजी तोंड वाकडं करून खायचा, पण एसटीपर्यंत पोतं तोच खांद्यावर न्यायचा. मित्रांनो, आयुष्यात इतक्या लवकर मी कधी रिकामी झाले नव्हते आणि इतकी खूशही नव्हते.

त्यातच वरव्याहून आनंदराव ज्ञानूसाठी सोयरीक घेऊन आले. गेनबाने पेंढ्याचा भारा दाराशी आणून ठेवला. चिमाजीने तो परत पाठवला. आनंदराव माझ्यात डोकावले आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या.

"रिकामी हाय," चिमाजी म्हणाला. "पोरगं खातंय."

ती सोयरीक जुळली नाही. चिमाजीला चार दिवस वाईट वाटलं.

दुसऱ्या मुलाखतीत साहेबाने तोच प्रश्न विचारला. ज्ञानूने बँकेचा कागद पुढे केला. दर महिन्याला सारखी रक्कम पडलेली होती. "हे कुणाचे?" तर म्हणाला, "माझे. घरचा भात खाऊन साठवलेत." चौऱ्याहत्तर साली, सुगी संपल्यावर, तो कॅनडाला गेला.

आता मी म्हातारी झाले आहे. एका बाजूला उंदरांनी भोक पाडलं आहे. लिंपण वेळेवर झालं तर अजून पुष्कळ वर्षं भात सांभाळीन, तेवढं मोठ्यांना सांगा. आणि घरातलं कुणी लांब निघालं, तर तिथे ते काय खाणार, हे त्याला आधी तुम्हीच विचारा.

अंबूबाई अजून गिरणीला न्यायचं भात माझ्यातून काढते. घरापुरतं काढून झालं तरी तिचा हात थांबत नाही. ज्ञानूच्या वाट्याची पायली ती काढतेच. मग तो आता कॅनडात आहे हे तिला आठवतं, ती ते भात परत माझ्यात ओतते आणि माझ्या पोटावर हलकेच थाप मारते.