मुळातच रिकाम्या

पिवळ्या चिठ्ठीचा गोंद एका बाजूने सुटलेला, आणि पंख्याच्या वाऱ्यावर ती स्क्रीनच्या कडेला फडफडते आहे — 'आवाज फोल्डर इतिहासातून काढणे. आजच. कृपया.' 'कृपया'खाली दोन रेघा. साहेबांची नम्रता अशी, अधोरेखित. चिठ्ठी जिच्यासाठी, तिच्याहून बारा वर्षांनी लहान, पण साहेब तो साहेब.

लिफ्टचं सॉफ्टवेअर लिहिणारी ही कचेरी. इथे प्रत्येक बदलाची नोंद राहते, तिला कमिट म्हणतात — कुणी, केव्हा, काय बदललं, आणि वर एका ओळीत खुलासा. सतरा वर्षांच्या नोंदी साठलेल्या. त्यांत 'आवाज' भलताच जड. नव्या माणसाला सगळं उतरवून घ्यायला अर्धा दिवस लागतो. म्हणून तो मुळापासून काढायचा, जणू कधी नव्हताच. इतिहास बदलायला इतरांना पिढ्या लागतात. आमच्याकडे जेवणाच्या सुट्टीआधी उरकतो.

आणि त्या फोल्डरमध्ये ती होती, लिफ्टमध्ये मजले सांगणारा तिचा आवाज. बारा वर्षांपूर्वीची दोन सबंध वर्षं. घरच्या कपाटात, लोंबत्या कपड्यांत डोकं खुपसून, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून दार लावून — 'दुसरा मजला. दार उघडत आहे. सावकाश उतरा.' मुलगी तेव्हा चार वर्षांची. दवाखान्याच्या लिफ्टमध्ये बाबाचं बोट धरून उभी होती, 'सावकाश उतरा' ऐकलं आणि छताकडे बघून शहाण्यासारखी म्हणाली, 'हो आई'... पुढे यंत्राचा आवाज आला. त्याला सर्दी होत नाही, रजा लागत नाही. तेही ठीक. पण —

पण हे काय? तिने आधी एका प्रतीवर तालीम घेतली होती, तिचा अहवाल समोर आला. तिच्या नावावर एकूण त्रेसष्ट कमिट, सगळ्या त्या एकाच फोल्डरच्या. फोल्डर गेला, त्या आतून रिकाम्या झाल्या, आणि रिकाम्या झाल्या म्हणून इतिहास पुसणाऱ्या अवजाराने परस्पर काढून टाकल्या. तिने स्वतःचं नाव शोधलं. शून्य. साहेबांच्या एक्केचाळीस मात्र जागच्या जागी! त्या तरी काय होत्या? चाचणीचं यंत्र पेंगलं की त्याला ढोसायला, एक अक्षर न बदलता नुसत्याच केलेल्या. 'परत.' 'परत एकदा.' 'आता तरी चाल.' अवजाराचा नियम असा, की मुळातच रिकामी असलेली नोंद कुणीतरी मुद्दाम केली असणार, तेव्हा ती राखायची; नंतर रिकामी झालेली तो कचरा. वा रे न्याय! ज्याने काही केलंच नाही त्याचं काही जात नाही, आणि जिच्या नोंदींचं पोट आत्ता आपणच फाडलं, तिलाच विचारायचं — तुझ्या पोटात काही कसं नाही गं?

ती उठून त्याच्या टेबलाशी गेली.

"साहेब, माझं नाव जातंय."

"कुठे?"

"इतिहासातून. त्रेसष्ट कमिट. तुमच्या रिकाम्या तेवढ्या राहतायत."

"माझ्या कुठे रिकाम्या?" तो खरोखर दुखावला. "त्या चाचणीसाठी होत्या."

"आत काय आहे त्यांच्यात?"

"ताई, तुम्ही पण ना, लगेच मनाला लावून घेता. अहो, रिकाम्या राखायची सोय असते. राखा की तुमच्या. फ्रेम करून लावा हवं तर."

राखतेच! आणि लावतेच, तुमच्या 'परत एकदा'च्या शेजारी लावते, म्हणजे पुढे येणाऱ्या माणसाला दिसेल काम कशाला म्हणतात... परतीच्या वीस पावलांत तिने त्याला काय काय ऐकवलं, सगळं मनात, सगळं चोख.

तिने ती सोय चालू केली. पुन्हा तालीम. त्रेसष्टच्या त्रेसष्ट हजर, रांगेत उभ्या. आत आता काही नाही, उरलेली फक्त प्रत्येकीची ती एक ओळ. तिने खुर्ची पुढे ओढली.

'किरकोळ दुरुस्ती.'

'किरकोळ.'

'किरकोळ बदल. दुर्लक्ष केलं तरी चालेल.'

किरकोळ? 'सातवा'तला 'वा' हवेत विरतो म्हणून अख्खा रविवार कपाटात, घसा बसेपर्यंत, बाहेर नवरा दारावर टकटक करत 'अगं, जिवंत आहेस ना' — ते किरकोळ? ती खाली सरकत गेली. मधे एकच वेगळी — 'सर्दीमुळे तिसरा मजला पुन्हा म्हटला.' आणि खाली परत किरकोळ, किरकोळ... कुणी लिहायला लावलं होतं हे? साहेब? साहेब तेव्हा कॉलेजात उनाडत होता. प्रत्येक ओळीपुढे नाव एकच होतं, आणि ते ओळखीचं होतं.

"ताई, झालं का?"

"नाही."

"अडलंय कुठे?"

तिने यादी परत वर सरकवली. राग होता तसाच होता, चांगला तापलेला. फक्त इतका वेळ तो साहेबांच्या टेबलाकडे तोंड करून बसला होता, आणि आता खुर्ची वळवून तिच्याचकडे बघू लागला होता, आणि त्याला बस म्हणावं की चालता हो म्हणावं, हे तिला काही केल्या ठरवता येईना.